परतवाटेची जकात

जमातीचे सदरसाहेब, बुजुर्ग मंडळी, माझ्या आयाबहिणी, आज तुम्ही माझा जो सत्कार करताय त्याला मी खरं तर

मिस्बाहचं भाषण इथे पहिल्यांदा अडलं. ऐकायला कुणीच नव्हतं. मांडव्याला येणाऱ्या रो-रो बोटीच्या वरच्या डेकवर कठड्याला टेकून ती मनातल्या मनात बोलत होती, आणि ‘पात्र नाही’ हे दोन शब्द काही केल्या पुढे सरकत नव्हते. हार गळ्यात पडला की माणूस तेवढं म्हणतोच. ऐकणारेही ते खरं धरत नाहीत, टाळ्या वाजवतात. मिस्बाहची पंचाईत अशी की तिच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं.

“काय गो, तोंड कशाला पाडून बसलीस?” विपुल दोन वडापाव घेऊन जिना चढून आला. “सत्कार हाय तुझा, मयत न्हाय.”

विपुल तिच्याच खोलीत, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून काम करायचा. पेणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातला. मुंबईतल्या विद्यापीठाच्या संगणक विभागात रचना मॅडमच्या हाताखाली ही दोघं मिळून एक सॉफ्टवेअर लिहीत होती. त्याचं नाव परतवाट. नाव ऐकून कुणाला कविता वाटेल, पण काम अगदी रोकडं. लहान बोट अंधारात घरी परतते तेव्हा खाडीच्या तोंडाशी वाळू कुठे साचलीय हे तिला कळत नाही, कारण वाळू दरसाल जागा बदलते. परतवाट फोनवर चालायचं, रेंज नसतानाही. जेवढ्या बोटी आत-बाहेर करतील तेवढ्यांच्या फेऱ्या ते लक्षात ठेवायचं आणि पुढच्या बोटीला बोलून सांगायचं, डाव्या अंगाला घे, इथे थांब, वाळू हाय. त्यातला आवाज विपुलच्या काकाचा होता. कुणीही फुकट वापरावं, कुणीही उघडून बघावं, सुधारावं. विकायचं नाही, हे रचना मॅडमनी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

न विकणाऱ्याचं जे होतं तेच झालं. सरकारी अनुदान डिसेंबरात संपलं. विद्यापीठ म्हणालं, खोली वापरा, वीज वापरा, मानधन मागू नका. मग मॅडमनी विद्यापीठाच्या निधीत देणगीचं पान उघडलं आणि दोघांना सांगितलं, “लोकांचं सॉफ्टवेअर आहे, लोकांकडे जाऊ या. आपापल्या गावात शब्द टाका.”

विपुलच्या गावाने पालखीच्या दिवशी देवळापुढे नारळाचा लिलाव लावला. दोन ट्रकवाले ईर्ष्येला पेटले. “साधा नारळ, मिस्बाह, भाजीत घालायचा. शेवटी मामानं घेतला. केवढ्याला ते मामी इचारते, मामा सांगत न्हाय. तवापासून दोघांचा अबोला हाय.” पैसा सरळ विद्यापीठाच्या खात्यात गेला. नारळ मामाने फोडून वाटला. विषय मिटला.

मिस्बाहच्या मोहल्ल्यात विषय असा मिटत नाही.



नागावच्या पुढे, खाडीला लागून बंदरमोहल्ला आहे. पूर्वी तिथली माणसं गलबतं घेऊन व्यापाराला जायची, आता विमानाने नोकरीला जातात. देणं मात्र जुनंच. तिथलं पोर अक्षर ओळखायच्या आधी तीन लिफाफे ओळखतं. लिल्लाह म्हणजे अल्लाहच्या नावाने दिलेलं, ते कशालाही चालतं, मशिदीच्या पंख्याला, विहिरीच्या रहाटाला, आणि मनात आणलं तर सॉफ्टवेअरलाही. सदका म्हणजे बला टळावी म्हणून. आणि जकात. जकात ही देणाऱ्याची मेहेरबानी नव्हे. ती गरिबाची ठेव असते, वर्षभर दुसऱ्याच्या घरी राहिलेली. ती त्याच्याच हातात पडावी लागते. पंख्याला दिली तर दिलीच नाही असं होतं, आणि देणाऱ्याच्या मानेवरचं ओझं तसंच राहतं.

विद्यापीठाच्या पानावर एकच चौकोन होता. रक्कम.

रमजानमध्ये हमदुल्ला चाचाचा मस्कतहून फोन आला. हमदुल्ला म्हणजे मिस्बाहच्या अब्बांचा धाकटा भाऊ. मोहल्ल्याची जेवढी माणसं आखातात होती त्यांची जकात दरसाल त्याच्याकडे जमायची आणि तो ती गावाला पाठवायचा.

“मिस्बाह, एक सांग बेटा. तुमच्या त्या खात्यात जकात चालते काय? पोरं म्हणतायत, यंदा आपल्या पोरीच्या कामाला देऊ.”

त्या आठवड्यात मॅडमनी दोघांना बोलावून सांगितलं होतं की ईदनंतर बहुतेक बंद करावं लागेल.

इथे मिस्बाह गप्प बसली. किती वेळ? एक आवंढा गिळण्याइतका. त्या एवढ्या वेळात तिला तिन्ही लिफाफे स्वच्छ दिसले, हे मुद्दाम सांगायला हवं. ती विसरली नव्हती. तिचा गोंधळही उडाला नव्हता.

“चालेल, चाचा. विद्यार्थ्यांसाठीच आहे.”

“मग झालं. तू शिकलेली. तू म्हणतेस म्हणजे चालणार.”

पान भरून वाहिलं. परतवाट वाचलं. मिस्बाहला मानधन मिळालं, आणि त्यातून तिने ईदचा अंजिरी रंगाचा सूट घेतला. आता बोटीवर तिच्या अंगात तोच होता.



सदरसाहेब, चाचा, तुम्ही सर्वांनी जो विश्वास माझ्यावर

“खा गो,” विपुल म्हणाला. “गार होतोय.”



घरी पोहोचल्यावर विपुल बंदरात गेला, बोटींवर नवे फोन बसवायला. मॅडम उद्या थेट सत्काराला येणार होत्या. अम्मीने मिस्बाहच्या हातात चहा दिला आणि म्हणाली, “तैयबाकडे डोकावून ये. तीनदा विचारलं तिने, मिस्बाह कधी येतेय.”

तैयबा खाला म्हणजे मागच्या गल्लीतली. नवरा मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेला तेव्हापासून शिलाई मशीनवर घर चालवणारी, आणि साऱ्या मोहल्ल्यात जिभेला सर्वांत धार असलेली. ती मशीनवरच बसली होती. ओढणीचं टोक तोंडावर धरलेलं.

“ये गो ये, काम्पुटरवाली.”

“खाला, दात दुखतोय का?”

“असला तर दुखल.” तिने ओढणी क्षणभर बाजूला केली आणि हसली. वरची सगळी रांग गायब होती. ओठ आत ओढला गेल्यामुळे ती एकदम म्हातारी दिसली. ओढणी परत वर गेली. “अलिबागच्या डाक्तरनं रमजानाआधी, शाबानमधेच उपटून काढली. म्हणाला, हिरड्या सुकूदे, मग कवळी बसवू. मी म्हटलं, हाय की, रमजान येतोय.”

“मग?”

“मग काय? आला, गेला.” मशीन थोडं चाललं, थांबलं. “तुझ्या अब्बाची ताटली आलती. खजूर चांगले होते. मऊ.”

ताटलीची रीत सांगायला हवी. रमजानच्या शेवटच्या दिवसांत, पहाटे सहरीच्या जेवणाआधी, ज्या घरांना गरज आहे त्यांच्या दारात रुमालाने झाकलेली ताटली ठेवली जाते. वर खजूर, खाली लिफाफा. ठेवणारा दार वाजवतो आणि निघून जातो. आतल्याने दार उघडायची घाई करायची नसते. कुणी दिलं हे घेणाऱ्याने विचारायचं नाही, कुणाला दिलं हे गावाने बघायचं नाही. ठेवायचं काम मिस्बाहच्या घराकडे होतं, आधी आजोबांकडे, मग अब्बांकडे.

म्हणजे यंदा नुसते खजूर.

“गल्फवाल्यांनी म्हणे यंदा काम्पुटराला जकात दिली,” तैयबा सुईत दोरा ओवत म्हणाली. “काय गो, फार गरीब झालाय काय तो? नवरा मेल्यासारखा इद्दतीत बसलाय?”

मिस्बाहला हसायला हवं होतं. तिला वाटलं, आपल्या चेहऱ्यावर काहीतरी हसण्यासारखं झालं असावं, कारण तैयबाने पुढे काही म्हटलं नाही. फक्त तिच्या सुटाचा हात चिमटीत धरून कापड पाहिलं. “भारी हाय. शिलाई मात्र भिकार. माझ्याकडे टाकायचास.”



अब्बांचं बंदरावर जाळी, दोर, बोयाचं दुकान. ते दोराची गुंडाळी करत होते.

“अब्बा, यंदा ताटल्यांत कमी होतं?”

“हमदुल्लाकडून फारसं आलंच नाही. जे आलं ते थोडं थोडं केलं. तैयबाकडे पोहोचेस्तोवर रुमालाखाली खजूरच राहिले.” त्यांनी दोर ओढला. “दारात ठेवून पळालो बेटा. चोरासारखा. हमदुल्लाला विचारलं तर म्हणाला, दिली, दुसरीकडे दिली. कुठे ते विचारत नाहीत.”

“मला दिली, अब्बा. परतवाटेला.”

दोर थांबला.

“त्याला कुणी सांगितलं नाही?”

“त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, चालेल.”

अब्बा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, गुंडाळी खुंटीला अडकवली, परत काढली, परत अडकवली.

“म्हणजे त्या पोरांची जकात झालीच नाही.”

“नाही.”

“आणि तैयबाने माझ्या ताटलीच्या भरवशावर दात उपटून घेतले.”

मिस्बाह जमिनीवरचे दोराचे तुकडे गोळा करू लागली.

“हमदुल्लाला एकट्याला गाठ,” शेवटी ते म्हणाले. “कानात सांग. तो चिडेल, चिडू दे. पुढचं मी बघतो. ही झाकून करायची गोष्ट आहे, झाकूनच दुरुस्त होते.”

हे वाक्य तिने ऐकलं. नीट ऐकलं. आणि रात्रभर त्याच्याशी भांडली. कानात सांगायचं म्हणजे काय? म्हणजे उद्या हार घालून घ्यायचा, टाळ्या घ्यायच्या, आणि मग आडोशाला जाऊन चाचाला हळूच सांगायचं? फोनवर हळूच खोटं बोलली होती, आता खरंही हळूच? ते तिला फार स्वस्त वाटलं. तिला शिक्षा हवी होती, आणि शिक्षेला माणसं लागतात असं तिला वाटत होतं.

सकाळी ती मदरशाच्या हॉलवर चाचाला शोधत गेली हे खरं आहे. हमदुल्ला सुट्टीवर आला होता, सदऱ्याच्या बाह्या वर सारून माईकच्या वायरीशी झगडत होता. “चाचा, जरा बोलायचंय.” “नंतर बेटा, नंतर, आधी हा मेला माईक बोलूदे.” ती परत फिरली. एकदाच विचारून परत फिरली, आणि परत फिरताना तिला सुटल्यासारखं वाटलं. तेही लिहून ठेवायला हवं.



रचना मॅडम आल्या. त्यांना गुलाबाचा गुच्छ आणि शाल. त्या लोकवर्गणीविषयी फार चांगलं बोलल्या. म्हणाल्या, जगात कुठेही असं सॉफ्टवेअर उभं राहतं ते कंपन्यांमुळे नाही, तुमच्यासारख्यांमुळे. हमदुल्ला चाचा बोलला. म्हणाला, आमच्या बापजाद्यांना तारे बघून परतावं लागायचं, आता आमची पोर तारा झाली. पुरुषांच्या बाजूने टाळ्या, बायकांच्या बाजूने टाळ्या. मधे पडदा होता, पण उकाड्यामुळे अर्धा वर गुंडाळलेला. हार मोगऱ्याचा होता.

मिस्बाह उभी राहिली.

“सदरसाहेब, बुजुर्ग मंडळी. रमजानमध्ये तुमच्यातल्या पुष्कळांनी परतवाटेला पैसे दिले. ती जकात होती. ती मला घेता येत नव्हती. मला ते माहीत होतं. चाचांनी मला विचारलं, आणि मी मुद्दाम चालेल म्हटलं. तुमची जकात अदा झालेली नाही. ती तुम्हाला पुन्हा द्यावी लागेल. चूक तुमची नाही, माझी आहे.”

हॉल शांत झाला, असं लिहून इथून पुढे जाता येईल. पण हॉल शांत झाला नव्हता. पंखे चालू होते, माईक कुईं करत होता, मागे कुणीतरी शेजाऱ्याला विचारत होता, काय म्हणाली, पुन्हा द्यायची? हमदुल्लाच्या चेहऱ्यावरचं हसू अजून उतरलं नव्हतं, कारण त्याला वाटत होतं पोर विनय करतेय. आणि मिस्बाहला हलकं वाटत होतं. इतकं हलकं की तिने थांबायला हवं होतं तिथे ती थांबली नाही.

“आणि ज्यांचा तो हक्क होता, ज्यांच्या दारात यंदा नुसते खजूर गेले, त्यांची मी

बस. वाक्य इथेच मोडलं. कारण माना वळल्या.

तिने नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच नव्हती. बायकांच्या बाजूला, गुंडाळलेल्या पडद्याखाली, एकच बाई तोंडावर ओढणी धरून बसली होती, आणि तिच्या तोंडात काय नाही हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. का नाही हेही ठाऊक होतं. माहीत असून माहीत नसणं ही मोहल्ल्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली कारागिरी होती. मिस्बाहने माईकवरून ती एका दमात उसवली. आता कुणालाच माहीत नसल्यासारखं करता येईना. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा मान वळवली, आणि वळवल्यावर परत कशी फिरवायची ते त्यांना कळेना.

तैयबा उठली. दाराशी चपलांचा ढीग होता. त्यात तिला तिच्या चपला सापडेनात. एक मिळाली. दुसरी कुणाच्या तरी बुटाखाली. ती वाकून शोधत होती, दोन्ही हात चपलांत, त्यामुळे ओढणी तोंडावरून सुटली होती. सगळा हॉल बघत होता. कुणीतरी उठून चप्पल शोधून द्यायला हवी होती. कुणी उठलं नाही. मिस्बाहसुद्धा नाही. तिच्या गळ्यात हार होता.



त्यानंतर जे बोललं गेलं ते थोडंच.

हमदुल्ला चाचा, हॉलच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी: “मला गाढव बनवलंस, चालेल. मी पुन्हा देईन, अल्लाहने दिलंय. पोरंही देतील. तुमच्या खात्यात गेलं ते लिल्लाह समजू, विषय संपला. पण मला कानात सांगायला तुझं काय जात होतं गो? त्या बाईने काय केलं होतं तुझं?”

रचना मॅडम, गाडीत बसताना, विपुलला: “नेमकं झालं काय?”

विपुल: “मॅडम, आपल्या पानावर दोन चौकोन कमी हायत.”

मॅडमनी शालीची घडी मांडीवर घातली. मग म्हणाल्या, “मी विचारायला हवं होतं. पैसे येत होते, म्हणून विचारलं नाही.” आणि शाल पिशवीत ठेवली.

अब्बा दुकानात जाऊन दोर गुंडाळत बसले.



चारच्या सुमारास तैयबाच्या दारात ताटल्या आल्या. उन्हात, बिनरुमालाच्या. हमदुल्ला स्वतः, मागून सदरसाहेबांचा भाचा, मागून आणखी दोघं. गल्लीतल्या खिडक्या उघड्या. तैयबाने दारातूनच सांगितलं, “माझं जेवण झालंय,” आणि सगळ्या परत पाठवल्या. एकीतला एक खजूरही उचलला नाही.

मिस्बाह मागच्या दाराने गेली. दार लावलेलं होतं.

“कोण?”

“मी.”

“मी म्हणजे माईकवाली?”

“खाला, मला माफ करा.”

“माफी हॉलात मागतात. इथे कोण ऐकणार?”

मिस्बाह दाराबाहेर पायरीवर बसली. आत मशीन चालत नव्हतं. शेजारी कुणीतरी मासे तळत होतं.

“आता मी कवळी बसवली,” आतून आवाज आला, “तर लोक दात बघतील होय? हमदुल्लाचे पैसे बघतील माझ्या तोंडात. मी कुठे शादीत हसले तर म्हणतील, बघा, आपली जकात हसली. आणि नाय बसवली तर म्हणतील, बाईचे नखरे बघा, दारात आलेलं परत पाठवते. तूच सांग, तोंड उघडू का मिटू?”

“मी देते, खाला. माझ्या मानधनातून.”

“तुझं मानधन कुणाचं?”

मिस्बाह पायरीवरची पोपडी नखाने काढत बसली. मग म्हणाली, “दुसरं काम धरते. संध्याकाळी शिकवण्या घेते. त्याला परतवाटेचा पैसा लागणार नाही.”

दार उघडलं. थोडंसं. तैयबाने ओढणी घेतली नव्हती.

“धर. आणि अलिबाग नको, त्या डाक्तरकडची नर्स आपल्या गल्लीतली. पनवेलला जाऊ. आणि ऐक. कुणाला सांगायचं नाय. अब्बाला नाय, आईला नाय, त्या तुझ्या विपुललाही नाय. लोक विचारतील तर मी सांगेन, मुंब्र्याच्या बहिणीनं बसवली.”

“आणि मला विचारलं तर?”

“तुला कोण विचारतंय? तुला टोमणे मारतील. ते खायचे.” तैयबाने तिच्याकडे नीट पाहिलं. “तुला दात हायत.”

“खोटं बोलू?”

“गप्प बस म्हणते. खोटं मी बोलेन. तुझं खोटंही नको मला आणि खरंही नको. दोन्ही बघितलं.”



मग शिकवण्या. कुर्ल्याच्या एका बिल्डिंगीत सहावी-सातवीची पोरं, ज्यांच्या आईबापांना वाटत होतं की कोडिंग आलं की नशीब उघडतं. शनिवारी पनवेल. तैयबा एसटीने यायची, मिस्बाह मुंबईहून, आणि दवाखान्यात एकमेकींपासून एक खुर्ची सोडून बसायच्या, न जाणो कुणी ओळखीचं निघालं तर. डॉक्टर मेणाचा साचा घ्यायचा तेव्हा तैयबा तिचा हात धरायची नाही. पर्स धरायला द्यायची, तेवढंच. एकदा मिस्बाहने तिला विचारलं, दुखतंय का? तैयबा तोंड भरलेलं असताना नुसती भुवई उडवून म्हणाली, तुला काय करायचंय?

विद्यापीठाच्या पानावर विपुलने चौकोन वाढवले. लिल्लाहपुढे आणि सदक्यापुढे खूण करता येत होती. जकातीपुढे लिहिलं होतं, कृपया इथे देऊ नका. ते वाक्य मिस्बाहने लिहिलं. मॅडमनी त्यातलं ‘कृपया’ ठळक केलं. परतवाट चालू राहिलं, थोड्या पैशांत, हळूहळू.



बकरी ईदला सगळ्या बायका मिस्बाहच्या घरी जेवायला होत्या. दस्तरखान पसरलेलं, मधे कलेजी, तांदळाच्या भाकऱ्या, मटणाचं सुकं. तैयबा नलीतला मगज ओढत होती, मग हाडाकडचं मांस दाढेखाली धरून खेचलं, आणि ते सुटलं. वरची रांग पांढरी, जरा जास्तच पांढरी. हसताना ती आता तोंड झाकत नव्हती.

“शाबास गो तैयबाच्या बहिणीची,” महनूर चाची म्हणाली. ती हमदुल्ला चाचाची बायको. सत्कारापासून तिने मिस्बाहशी एक शब्द सरळ बोललेला नव्हता. “मुंब्र्यात बसून तिने लाज राखली. नाहीतर काही लोक असतात, माईकवर रडून मोकळे होतात. मागे वळून बघत नाहीत, ती बाई जगली का मेली.”

कुणीतरी भाकऱ्यांची चळत पुढे सरकवली.

“पैसे आमच्या यांचे गेले दोनदा,” चाची पुढे म्हणाली, “ते जाऊदे, अल्लाहकडे सवाब मिळाला. पण माणसाला काहीतरी वाटतं की नाही?”

तैयबा जेवत होती. तिने नली ताटात आपटली, पुन्हा तोंडाला लावली. मिस्बाहकडे पाहिलं नाही. मिस्बाहला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, एखादा टोमणा, चाचीवर उलटणारा, तिच्या जिभेला ते अवघड नव्हतं. पण तैयबाने फक्त रस्सा मागितला, आणि मिस्बाहने वाढला.

जेवणं आटोपल्यावर अम्मी तिच्या मागोमाग मोरीत आली. भांड्यांचा ढीग मधे ठेवून, हळू आवाजात, जवळजवळ विनवत म्हणाली:

“चाचीचं सोड. तिची जीभच तशी. पण मला सांग, बेटा. तू त्यानंतर एकदा तरी तैयबाकडे गेलीस ना? विचारलंस ना, काय करू म्हणून? काहीतरी दिलं असशील. थोडं का होईना. तू सांग मला, मी कुणाला बोलणार नाही.”

अम्मीच्या हाताला राख लागली होती. ती मनगटाने ओढणी सावरत, उत्तराची वाट बघत उभी होती. बाहेर तैयबा मोठ्याने हसली, आणि बायकाही हसल्या.

“नाही, अम्मी,” मिस्बाह म्हणाली. “नाही गेले.”

अम्मीने थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. मग नजर खाली वळवली, आणि पातेलं पुढ्यात ओढून घासायला घेतलं.